रुमण्यावरचा हात

लूकच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायाच्या अखेरीस नांगरणीचा दाखला येतो. नांगराला हात घातल्यावर जो मागे पाहतो तो देवाच्या राज्याच्या कामाचा नव्हे, असा त्याचा आशय. बैलांमागे चालून ज्याने शेत नांगरले आहे त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. नजर समोरच्या बांधावरच्या झाडावर असली की तास सरळ जातो; मान वळली की वाकडा होतो. ख्रिस्ती घरांतून हे वचन लहानपणापासून कानांवर पडते आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच घेतला जातो की, एकदा ठरवले की इकडेतिकडे पाहायचे नाही.

पण पान उलटले की दहाव्या अध्यायात दोन कथा लागोपाठ येतात आणि हा सोपा अर्थ अडखळतो. पहिली दयाळू शोमरोन्याची. रस्त्याच्या कडेला जखमी माणूस पडलेला असतो. याजक आणि लेवी आपापल्या वाटेने निघून जातात. त्यांची वाट सुटली नाही, चाल मंदावली नाही, तरीही चुकले ते तेच. दुसरी कथा मार्था आणि मरीयेची. घरी आलेल्या पाहुण्याच्या सरबराईत मार्था गढून गेलेली, मरीया मात्र त्याच्या पायांशी ऐकत बसलेली. आणि येशू बाजू घेतो ती मरीयेची. एकीकडे वाट थांबवून सेवा करणारा थोर ठरतो, दुसरीकडे सेवेत बुडालेलीला समज मिळते. मग लक्ष ठेवायचे तरी कशावर?

मला वाटते, आपण बेत आणि हेतू यांची गल्लत करतो. बेत माणसाचा असतो, हेतू देवाचा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलाला बिथुनियात जायचे असते. वाट अडते. त्रोवसला रात्री मासेदोनियाचा एक माणूस दृष्टान्तात येऊन बोलावतो, आणि पौल समुद्र ओलांडून तिकडे जातो. बेत मोडला, हेतू मोडला नाही.

आपल्या भाषेत याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. 1858 साली त्या गंगामूळच्या अरण्यात जन्मल्या, ते ठिकाण आज कर्नाटकात आहे. तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेली ही बाई. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, ते उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी. अमेरिकेतील हितचिंतकांनी मदतीचे वचन दिले होते ते दहा वर्षांपुरते. पुढे शाळेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली. बेत चोख होता.

तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायका घेऊन परतल्या. फळबागेची जागा निवाऱ्याची झाली. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलींचीही त्यात भर पडली. मूळ आखणीत नसलेली ही माणसे होती. जातीचा निकष केव्हाच मागे पडला होता. ‘मी विधवांची शाळा चालवते, दुष्काळ हे माझे काम नव्हे,’ असे त्या म्हणू शकल्या असत्या. तास सरळ राहिला असता. पण स्त्रीला माणूस म्हणून उभे करणे हा हेतू असेल, तर उपाशी मुलगी आडकाठी कशी ठरते?

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. देवाचा हेतू म्हणून माणूस आपलाच आग्रह पुढे रेटत नाही कशावरून? 1893 साली सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या वादात रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण सक्ती करत नाही. पण स्वतःच्या प्रार्थनेचे दारही बंद करणार नाही. पालकांची काळजी खोटी नव्हती. आश्रयाला आलेल्या मुलीला आश्रयदात्याचा शब्द कितीही मऊ असला तरी जड वाटतो. ज्याला आपल्या हेतूची खात्री आहे त्याने हे विसरू नये. खात्री जितकी पक्की, तितका हात हलका हवा.

शिवाय फळ आपल्या अंदाजाने येत नाही. आयुष्याची शेवटची पंधरा-सतरा वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. साध्या बायाबापड्यांना कळावे ही इच्छा. मुक्तीतल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले, छपाई केली. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. गुलबर्ग्याच्या शाळेची धुरा तिनेच वाहिली होती. आईने काम सोडले नाही. भाषांतर पुरे झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. ते भाषांतर मंडळ्यांमधून फारसे रुजले नाही. आणि जे काम अवचित अंगावर आले, ती केडगावची मुक्ती, आजही उभी आहे. म्हणून भाषांतराची वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही. पेरणाऱ्याने बांधावर बसून हिशेब मांडायचा नसतो, एवढेच.

नांगरताना फाळाला दगड लागला तर शहाणा शेतकरी बैलांना मारत नाही. तो थांबतो, नांगर उचलतो, दगड बांधावर टाकतो आणि पुन्हा रुमणे धरतो. झाड होते तिथेच असते. आजारी सासूची उशी नीट करताना जिची सकाळची प्रार्थना राहून गेली, तिचे लक्ष ढळले असे मला वाटत नाही. मंडळीच्या कामाला रोज धावणाऱ्याला मात्र घरातल्या माणसाचे नावही आठवणीने घ्यावेसे वाटत नसेल, तर त्याचा तास कितीही सरळ दिसो, त्याने एकदा थांबून बघावे की आपल्या नांगराखाली कोण आले.