ओसाड घराचे लाकूड

खानदेशातील कोणत्याही जुन्या गावातून एक फेरी मारली असता दोन-चार ओसाड घरे दृष्टीस पडल्यावाचून राहत नाहीत. धाबे खचलेले, भिंतींची माती पावसाने वाहून गेलेली, उंबरठ्याशी एरंड माजलेला. परंतु सागाची तुळई आणि दाराची चौकट मात्र अजून उभी. घरधनी पोटामागे सुरतेस किंवा नाशकास गेला, भाऊबंदांत वाटणीचा तंटा राहिला, आणि घर कोणाचेच न होता कोसळत गेले. पुढे एके दिवशी लाकडाचा व्यापारी येतो. दार, चौकट, खांब ह्यांचा सौदा होतो व ते सामान टेम्पोत पडून शहराची वाट धरते. त्याचे पुढे काय होते हे गावात सहसा कोणी विचारीत नाही.

असल्या लाकडाचे काय होऊ शकते ह्याचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवून त्यातून उद्भवणाऱ्या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. मुंबईचे कलावंत सुदर्शन शेट्टी ह्यांचा जन्म 1961 साली मंगळूर येथे झाला व त्यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत झाले. ज्यांस मांडणशिल्प म्हणतात अशा नव्या धर्तीच्या कृती ते करितात; म्हणजे भिंतीवर टांगावयाचे चित्र नव्हे, तर ज्याच्या भोवती किंवा आतून चालत जावे अशी रचना. 2016 साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी ‘शून्य घर’ ह्या नावाची कृती मांडली. मोडलेल्या जुन्या घरांचे लाकूड जमवून त्यापासून खांब, कमानी, दारे व मंडप उभे केले. ते दगडाच्या एका खाणीत नेऊन मांडले व तेथे नटांकरवी जन्म, खेळ, गाणे, मरण असे प्रसंग करवून त्यांचा चित्रपट घेतला. आणि मग तोच मंडप व तोच चित्रपट प्रेक्षकांपुढे ठेवला. नाव सुचले ते गोरखनाथांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या एका निर्गुणी पदावरून. ते पद कुमार गंधर्वांनी गाऊन महाराष्ट्राच्या परिचयाचे केले आहे, हे कित्येक वाचकांस ठाऊक असेलच.

आता आपल्या मंडळीतील एखादा शेतमजूर बंधू हे ऐकून काय म्हणेल, ह्याची कल्पना आम्हांस आहे. तो म्हणेल, “अहो पाळकसाहेब, माझ्या छपराला धड एक वासा नाही, आणि इतके सागाचे लाकूड नुसते पाहण्यासाठी उभे केले म्हणता?” हा आक्षेप हसून उडवून देण्याजोगा नाही. तथापि तो नवाही नाही. बेथानी गावी मरीयेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ते विकून गोरगरिबांस का दिले नाही, असा प्रश्न यहूदा इस्कार्योताने केला. आणि प्रभूने त्याची बाजू न घेता मरीयेची घेतली. तेव्हा ज्याचा पोटाला उपयोग नाही ते सर्व व्यर्थ, असे ख्रिस्ती मनुष्याने म्हणू नये. पोटाच्या हिशेबाने पाहिले तर भजनाचा ढोलही व्यर्थच ठरेल.

परंतु मरीयेच्या गोष्टीत एक बाब आहे, ती कलेचे कैवारी सहसा विसरतात. ते तेल तिचे स्वतःचे होते. तिने दुसऱ्या कोणाची कुपी फोडली नाही. तिच्या कृत्याची शोभा सुगंधात होतीच, पण त्याहून अधिक ती स्वतःला लागलेल्या झळीत होती. ह्याच्या उलट इज्रेलातील नाबोथाचा द्राक्षमळा आठवावा. अहाब राजाला तेथे भाजीचा मळाच करावयाचा होता. हेतू तसा वाईट नव्हता, आणि मोबदलाही तो देऊ करीत होता. पाप ह्यात होते की, ती नाबोथाची वडिलार्जित भूमी होती, त्याची ती सोडण्याची इच्छा नव्हती, आणि त्याला मारवून ती रिकामी करण्यात आली. एलीया संदेष्टा राजाला भेटला तेव्हा त्याने मळ्यात काय लाविले हे विचारले नाही. मळा रिकामा कसा झाला हे विचारले.

तेव्हा पडक्या घरापासून कला करणारा मनुष्य मरीयेच्या बाजूचा की अहाबाच्या, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कृती पाहून मिळत नाही. घर रिकामे कसे झाले हे पाहून मिळते.

अमेरिकेत गॉर्डन मॅटा-क्लार्क नावाचा एक कलावंत होऊन गेला. तो शिकला इमारत बांधण्याची विद्या, आणि प्रसिद्ध झाला इमारती कापण्याबद्दल. 1974 साली न्यू जर्सीतील एंगलवुड गावी एक लाकडी घर पाडावयाचे ठरले होते. मालकाच्या संमतीने त्याने ते यांत्रिक करवतीने मधोमध वरपासून खालपर्यंत चिरले व एका भागाखालील पायाचे दगड काढून तो भाग किंचित कलता केला. त्यामुळे मधल्या फटीतून सूर्यप्रकाश खाली जिन्यापर्यंत आला. ज्यांनी ते पाहिले त्यांस ते विलक्षण वाटले, ह्यात शंका नाही. थोड्याच महिन्यांत घर पाडले गेले; राहिली ती छायाचित्रे, एक लहान चित्रपट आणि कापून घेतलेले चार कोपरे. मॅटा-क्लार्क 1978 साली वयाच्या 35 व्या वर्षी वारला. आता त्या घरातून पूर्वीच्या भाडेकऱ्यांस जावे लागले होते व त्यांच्या कित्येक वस्तू आतच पडून होत्या, ही गोष्ट त्या छायाचित्रांची स्तुती करणारे एका वाक्यात उरकतात. आम्हांस त्या वाक्यापाशी थांबावेसे वाटते. मालकाची संमती होती, कायद्याचा प्रश्न उरला नाही. पण ज्यांची चूल त्या घरात पेटत होती त्यांची संमती कोणी मागितली काय? कायद्याने त्यांचा हक्क नसेल. नाबोथाच्या मरणानंतर कागदोपत्री त्याचाही उरला नव्हता.

ह्याहून अगदी निराळे उदाहरण आपल्याच देशात आहे. नेकचंद हा 1924 साली जन्मलेला मनुष्य फाळणीत आपले गाव पाकिस्तानात गमावून इकडे आला व चंदीगडच्या सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करण्याच्या नोकरीस लागला. नवे शहर वसविण्याकरिता तेथील जुनी खेडी उठविण्यात आली होती. त्या मोडलेल्या घरांचे तुकडे, फुटकी भांडी, बांगड्यांच्या काचा तो सायकलीवरून वाहून नेई व राखीव जंगलातील एका घळीत रात्री त्यांपासून मनुष्यांच्या व पशुपक्ष्यांच्या मूर्ती घडवी. सुमारे 18 वर्षे हे काम गुप्त होते. उघडकीस आले तेव्हा ते बेकायदेशीर म्हणून मोडून टाकावे असा विचार निघाला. परंतु लोकमतापुढे अधिकारी नमले, 1976 साली बाग सर्वांस खुली झाली आणि नेकचंदास पगार व 50 मजूर देण्यात आले. 2015 साली तो वारला. पाहा, कायदा ह्याने मोडला आणि मॅटा-क्लार्कने एंगलवुडास पाळला. तरीही आमचे मन नेकचंदाकडे ओढ घेते. कारण तो स्वतः उठविलेल्या गावचा होता, आणि दुसऱ्या उठविलेल्या गावांचे अवशेष त्याने टाकून दिले नाहीत. नहेम्याच्या काळी यरुशलेमचा तट बांधणारांनी ढिगाऱ्यातील जळालेले दगडच उचलले, ह्याबद्दल शत्रूंनी त्यांची थट्टा केली होती. त्या थट्टेला उत्तर असे बांधणाऱ्याच्या हातूनच मिळते.

ओसाड पडलेले घर निराळे आणि ओसाड पाडलेले घर निराळे. मराठीत एका कान्याचा फरक आहे, पण सारा नीतिविचार त्या कान्यात आला. हे आपल्या लोकांस शिकविण्याची गरज नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील 33 गावे आली. ती सर्व अक्राणी व अक्कलकुवा ह्या तालुक्यांतील, म्हणजे 1998 पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातील. तेथील कित्येक भिल्ल व पावरा कुटुंबांनी घरे स्वतः उतरविली आणि खांब, वासे, कौले बरोबर घेऊन ती तळोद्याकडील नव्या वसाहतींत पुन्हा उभी केली. त्यांतले एखादे घर पाहण्याचा योग आला तर त्याच्या खांबांवरील जुन्या खाचा पाहाव्यात. नव्या मापात त्या कोठे कोठे जुळत नाहीत, म्हणून बाजूला दुसऱ्या पाडाव्या लागतात. त्या घराला कोणी मांडणशिल्प म्हणत नाही, त्याला पाहावयास तिकीट नाही. परंतु मोडलेल्या घराच्या लाकडाचा ह्याहून मानाचा उपयोग आम्हांस सुचत नाही.

मग सुदर्शन शेट्टींचे काय? त्यांनी कोणाचे घर रिकामे करविले नाही, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या वाड्यांची दारे व खांब उघड विकले जातात. एखाद्या श्रीमंताच्या उपाहारगृहात शोभेला जाण्यापेक्षा, लोकांस मरणाचा विचार करावयास लावील अशा कृतीत ते लाकूड गेले, हे बरेच म्हणावे. देहाला घर म्हणणे व ते घर रिकामे होणार हे सांगणे आपल्या संतांच्या परिचयाचे आहे, आणि पौलही आपल्या देहाला तंबूची उपमा देतो. एवढ्यापुरते आमचे त्यांचे भांडण नाही. भांडण ‘शून्य’ ह्या शब्दाशी आहे. ज्या चौकटीला एखाद्या आजीच्या हाताने तेल लागत आले, जिच्यावर मुलांची उंची कोळशाने आखली गेली, ती चौकट शून्य घराची नव्हे. ती नावे असलेल्या माणसांची आहे, आणि प्रेक्षकास ती नावे कळत नाहीत. कलावंताचा हा अपराध आहे असे आम्ही म्हणत नाही. चोरबाजारात पोहोचेपर्यंत ती नावे केव्हाच गळून पडलेली असतात. ती गळतात ती येथे, गावात, सौद्याच्या दिवशी, जेव्हा घरातली म्हातारी ओट्यावर बसून असते आणि तिला कोणी काही विचारीत नाही.

(जाता जाता सांगावयास हवे की, ओसाड वास्तू व कलावंत ह्यांचा संबंध आमच्या प्रदेशाला नवा नाही. अजिंठ्याची ओसाड लेणी 1819 साली इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली, आणि 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल ह्याने तेथील चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे घालविली. त्या नकला 1866 साली लंडनजवळच्या आगीत बहुतेक जळाल्या. ओसाड लेणी मात्र राहिली. गिल 1879 साली वारला, आणि भुसावळ येथे पुरला आहे.)

आता मुद्दा आपल्या दाराशी येतो. परदेशी मिशनरी परत गेल्यावर मागे राहिलेले बंगले, दवाखाने व लहान उपासनामंदिरे कित्येक ठिकाणी बंद पडून आहेत. त्यांची दारे चांगल्या सागाची आहेत, आणि व्यापाऱ्यांस ती ठाऊक आहेत. समजा, एखाद्या मंडळीच्या पंचांपुढे असा सौदा आला. पैसा मंदिराच्या छपरासाठी हवा आहे, दारे वाळवी खात आहे, आणि ज्याच्या सहीने विक्री व्हावयाची तो विश्वस्त दूर शहरात आहे. विकू नये असे आम्ही म्हणणार नाही. वाळवीला दिलेले लाकूड कोणाच्याही कामाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सही होण्यापूर्वी प्रचारकाने ते दार गावातील वृद्ध मंडळींस एकदा दाखवावे. त्या इमारतीसाठी विटा कोणी वाहिल्या, चुना कोणी मळला, तिच्या ओसरीत कोणाचे लेकरू तापातून उठले, हे विचारून मंडळीच्या दप्तरात तारखेसह लिहून ठेवावे. आणि ज्यांच्या आजोबांचे श्रम त्यात गेले त्यांच्यापैकी कोणाच्या घराला दार नसेल, तर व्यापाऱ्याचा भाव सांगण्याआधी त्याला विचारावे.