सोन्याचं झाकण आणि तिरकी तसबीर



आजचं चिंतन : ईशावास्य उपनिषद, मंत्र 15 आणि 16

भावार्थ : सत्याचं मुख सोन्यासारख्या तेजस्वी झाकणाने झाकलेलं आहे. साधक सूर्यदेवालाच, पूषालाच विनवतो की, हे पोषण करणाऱ्या देवा, ते झाकण दूर कर. तुझे किरण जरा आवरून घे, म्हणजे तुझं खरं, कल्याणमय रूप मला दिसेल.

हा मंत्र मी आधी कित्येकदा वाचला होता आणि दरवेळी एका ठिकाणी अडायचो. देव दिसत नाही तो अंधारामुळे, असं आपण धरून चालतो. इथे तर झाकण सोन्याचं आहे! उजेडानेच झाकलंय. असं कसं?

उत्तर मिळालं ते आजीच्या देवघरात, हातात कॅमेरा असताना.

आजी गेल्यानंतर आम्ही गावचं घर आवरायला गेलो होतो. तिची विठोबाची जुनी तसबीर काकांकडे जाणार होती. म्हटलं, निदान तिचा एक नीट फोटो आपल्याकडे राहू दे. काच काढायची सोय नव्हती, कारण ओलीमुळे चित्राचा कागद काचेला चिकटला होता. ओढला असता तर फाटलाच असता. मग तसबिरीसमोर अगदी नीट, मधोमध उभं राहून फोटो काढला.

फोटोत काय आलं? खिडकीचा पांढरा उजेड आणि त्याच्यामध्ये कॅमेरा धरलेला मी. विठोबाच्या जागी मीच!

मित्राचा पोलरायझिंग फिल्टर सोबत होता. हा फिल्टर लेन्सच्या पुढे बसवतात आणि त्याची बाहेरची रिंग गोल फिरते. उजेडाच्या लहरी एरवी सगळ्या दिशांनी थरथरत असतात. पण काचेवर किंवा पाण्यावर तिरका आदळून परत फिरलेला उजेड बहुतेक एकाच दिशेने थरथरतो. रिंग फिरवत फिरवत फिल्टर त्याला आडवा आला की तो तिथेच अडतो, आणि काचेमागून येणारा उजेड तेवढा आत येतो. म्हणूनच नदीचा फोटो काढताना वरची चमक जाऊन तळाचे गोटे दिसू लागतात.

मी फिल्टर लावला, रिंग गोल गोल फिरवली. काही फरक नाही! फोटोत अजूनही मीच.

तेव्हा मित्राने फोनवर सांगितलं, "अरे, समोर उभा राहून काही होणार नाही. बाजूला सर."

खरंच आहे ते. समोरून सरळ परतणाऱ्या उजेडावर हा फिल्टर चालतच नाही. काचेच्या बाबतीत तो सगळ्यात चांगला चालतो ते काचेच्या पृष्ठभागापासून साधारण 34 अंशांवर, म्हणजे चांगलंच तिरकं उभं राहिल्यावर. मी बाजूला सरलो, खाली बसलो आणि रिंग हळूहळू फिरवली. चमक विरत गेली आणि विठोबा दिसला. त्याच्या पायाशी पेन्सिलीने लिहिलेली पुसट अक्षरंही दिसली : "पंढरपूर, 1962". अक्षर आजोबांचं.

लहानपणापासून मी त्या तसबिरीला रोज नमस्कार केला होता, पण ही ओळ कधीच दिसली नव्हती. मग आठवलं, गुडघे दुखायचे म्हणून आजी नेहमी देवघराच्या कडेला, भिंतीला टेकून बसायची. मी जिथे आत्ता बसलो होतो, तिथेच. ती रोज वाचत असणार.

मित्रांनो, आपल्या साधनेचंही असंच होतं ना? आपण मंदिरात जातो, पारायण करतो, वारीत दोन टप्पे चालतो. सगळं चांगलंच आहे, सोन्याचंच आहे. पण त्यावर "मी केलं" याची चमक चढते. मी किती दिवस नेम पाळला, माझ्या स्टोरीला किती जणांनी हात जोडले. मग देवासमोर उभं राहूनही दिसतो तो आपलाच चेहरा. पापापेक्षा पुण्याची चमक ओळखायला कठीण, कारण ती सोनेरी असते.

फिल्टर विकत मिळतो, पण बाजूला आपल्यालाच सरावं लागतं. जप, वाचन, उपवास ही साधनं झाली. "मी" मधोमध तसाच उभा राहिला, तर रिंग कितीही फिरवा, काही उपयोग नाही.

आणखी एक. फिल्टर लावला की आत येणारा उजेड निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, हात स्थिर लागतो. कौतुक थोडं कमी घेतलं की सुरुवातीला आपल्यालाही अंधारल्यासारखं वाटेल. घाबरू नका, तिथे थोडं थांबायचं असतं.

आणि मंत्रातली गंमत बघा. साधक झाकणावर चिडत नाही. ज्याचं ते तेज आहे, त्यालाच "तूच आवर" म्हणतो. बाजूला सरण्याचं बळसुद्धा त्याच्याकडेच मागायचं.

तो फोटो तिरका आला. ॲपमध्ये बराचसा सरळ केला, तरी एक कड जराशी कललेलीच आहे. मी ती तशीच ठेवली आहे.

आजचा अभ्यास : आज एक चांगलं काम असं करा, जे कुणालाही सांगणार नाही. घरातल्यांनाही नाही, डायरीतही नाही. रात्री देवासमोर बसाल तेव्हा मधोमध न बसता थोडं कडेला बसून बघा.

प्रार्थना : हे पांडुरंगा, माझ्या भक्तीवरची माझीच चमक तू आवरून घे. मला थोडं बाजूला सरकव आणि तू दिस.

उद्या भेटूच. राम कृष्ण हरी! 🙏