शेपटीचा काटा

जून-जुलैत मासेमारी बंद. घिवलीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या आणि पोरांच्या हाताला काम नाही. अशा दिवसांत बोईसरच्या कॉलेजात जाणाऱ्या एकाने गावात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. 1974 मध्ये अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकजण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो आणि शत्रूच्या बाजूने खेळतो. बाकीचे वीस बाजूंचा फासा टाकून लढतात. कॉलेजातला पोरगाच सूत्रधार झाला. त्याने जागा निवडली तारापूरचा किल्ला. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतलेला. पोरं झाली त्या फौजेतले शिपाई, आणि तळघरात बसला ट्रोल नावाचा राक्षस. याच्या जखमा आपोआप भरतात. आग किंवा आम्ल लागलं तरच भरायच्या थांबतात.

पहिल्या रात्री सूत्रधाराने ताकास तूर लागू दिली नाही.

“लागला का?”

“लागला.”

“अर्धा तरी मेला का?”

“तुम्हाला कसं कळणार?”

फासे आपटून आपटून पोरं जांभया द्यायला लागली.

दुसऱ्या रात्री त्याने रागाने पुस्तकाचं पानच समोर टाकलं. जीव 84, चिलखत 15, आगीचं सगळं छापलेलं. पोरांनी वजाबाकी केली, मशाल लावली, आणि चहा उकळायच्या आत ट्रोल खलास. मला विचाराल तर हे पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या रात्री निदान चिडायला तरी जागा होती.

खेळणाऱ्यांत बोटीवरचा एक खलाशी होता. तो म्हणाला, “जाळ्यात पाकट आलं तर तांडेल नव्या पोराला त्याचं वजन सांगत बसतो का? ‘शेपटीपासून लांब राहा’ एवढंच सांगतो. आधी काटा तोडायचा, मग बाकीचं. आणि आम्ही तर गोष्टीत मुरलेले शिपाई ना? आम्हाला डोळे नाहीत होय रे?”

खेळाच्या 2008 च्या आवृत्तीत तर नियमच होता: शत्रूचा निम्मा जीव गेला की सगळ्यांना ते कळलं पाहिजे.

तिसऱ्या रात्री सूत्रधाराने पुस्तकात नसलेला राक्षस खाडीतून वर काढला. “पाठीवर वार बसला की ठिणग्या उडतात,” तो म्हणाला. “पण मघापासून डावी कूस भिंतीला घासूनच चालतोय.”

खलाशी सरसावून बसला. “भिंतीपासून हटवा त्याला!”

त्या झटापटीत दोन शिपाई पडले. पडलेल्यांपैकी एकजण तिथेच बसून बाकीच्यांना ओरडून सांगत होता, “डावीकडून, अरे डावीकडून!”