न दिसणारी गळती आणि अनुपलब्धी

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असे ठरवता येते का, हा भारतीय प्रमाणशास्त्रातला जुना वाद आहे. मीमांसकांपैकी कुमारिल भट्टांच्या (भाट्ट) परंपरेने ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभाव कळण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले, प्रभाकरांच्या अनुयायांनी ते नाकारले, तर अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हटले. जुन्या गाडीचे ब्रेक ऑइल कमी होत राहते आणि गळती कुठेच सापडत नाही, तेव्हा हाच प्रश्न गॅरेजात उभा राहतो.

उदाहरण म्हणून एमजीबी घेऊ. ही १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन इथे तयार झालेली स्पोर्ट्‌स कार. तिला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट, म्हणजे एका जागी गळती वाढली की सगळेच ब्रेक गेले.

पातळी उतरली म्हणजे ऑइल गळालेच, हे अनुमान मात्र घाईचे आहे. डिस्कचे पॅड झिजतात तसे कॅलिपरमधले पिस्टन बाहेर सरकतात, मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढते आणि थेंबही न सांडता ऑइलच्या डब्यातली पातळी खाली जाते. न्यायसूत्रांत याच जातीचा आक्षेप येतो. नदी फुगली म्हणून वरच्या अंगाला पाऊस झाला असे कसे म्हणावे? खाली प्रवाह अडला तरी पाणी चढतेच. त्यावर न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांचे म्हणणे असे, की नुसते चढलेले पाणी हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, नव्हेच. वेगवान धार, फेस, वाहून आलेली पाने-लाकडे यांसह आलेला पूर हा हेतू. ब्रेकच्या बाबतीत हेतूला लागणारे असे विशेषण म्हणजे पातळी उतरण्याचा वेग. पॅडच्या झिजेने पातळी अगदी सावकाश उतरते. डबा भरून ठेवल्यावर आठवड्यात पुन्हा उतरला, तर ती गळतीच.

यापुढे भाट्ट मीमांसकांची एक अट फार उपयोगी पडते, ती योग्यतेची. वस्तू असती तर इथे, या उजेडात दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे प्रमाण ठरते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. गाडीखालची कोरडी फरशी हा बहुतेक वेळा असाच अंधार असतो. मागच्या व्हील सिलिंडरचे रबरी सील गेले, तर ऑइल आधी ड्रमच्या आत ब्रेक शूवर पसरते. टायरच्या आतल्या बाजूला ओघळ येईपर्यंत बाहेर काही कळत नाही. म्हणून ड्रम उतरवून सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट बोटाने उचलून पाहावे लागते. आत ओल लागली, तर शोध तिथेच संपला. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळत असेल, तर ऑइल पेडलच्या दांड्यावरून खाली येते. नेहमीचे ग्लायकोलचे ऑइल रंग खाते. तिथला रंग फुगून सुटलेला दिसला, तर वेगळा पुरावा नको.

हे सगळे कोरडे निघाले तर? लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, ही मीमांसकांची अर्थापत्ती इथे लागू पडते. ऑइल न दिसणाऱ्या वाटेने जात असले पाहिजे. पण अर्थापत्ती वाटेचे नाव सांगत नाही. ते काम परिशेषाचे, म्हणजे एकेक पर्याय बाद करत उरलेल्यावर येण्याचे. या रीतीची लंगडी बाजू एकच: यादी अपुरी असेल तर निष्कर्षही खोटा. ब्रेक सर्व्हो (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणारा भाग) बसवलेल्या एमजीबीत नेमका तोच पर्याय यादीतून सुटतो. सर्व्होचे सील गेले की इंजिनची व्हॅक्यूम ऑइल ओढून घेते आणि ते इंजिनात जळते. एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो आणि जमीन कोरडीच राहते. सर्व्होची व्हॅक्यूम नळी काढून आत ओल आहे का, हे पाहिले की निवाडा होतो.

ज्ञान खरे होते की नाही, हे त्यानुसार केलेली कृती सफल झाल्यावर ठरते, असे नैयायिक मानतात. म्हणून दुरुस्तीनंतर डब्यावर खूण करून पातळी काही आठवडे तपासावी. गळतीची जागा सापडेपर्यंत नुसते ऑइल भरत गाडी चालवू नये. ती रस्त्यावर काढूच नये.