चार्जयादीत न बसणारी वही

अध्यापक विद्यालयात नोकरी करताना मी कृतिसंशोधनाचे ढीगभर अहवाल तपासले. एकही फसलेला पाहिला नाही. गणितात मागे असलेली मुलं पंधरा दिवसांत पुढे आली, अशुद्ध लिहिणारी शुद्ध लिहू लागली, दांड्या मारणारी रोज येऊ लागली. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, स्तंभालेख आणि शेवटी परिकल्पनेचा स्वीकार. वर पारदर्शक कव्हर, कडेला स्पायरल. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे आदल्या वर्षीच्या फायली तयारच असत. शाळेचं नाव आणि सन बदललं की प्रिंट हातात. एकदा त्यानं शाळा बदलली, पण मुलांची नावं गेल्या वर्षीचीच राहिली. तो अहवाल मी पास केला. आतून कोण वाचतंय, असं मलाही वाटलं होतं.

ही कल्पना मुळात अशी नव्हती. कर्ट लेविननं 1946 मध्ये कृतिसंशोधनाची मांडणी केली, 1953 मध्ये स्टीफन कोरीनं ते शाळेत आणलं आणि 1975 मध्ये इंग्लंडच्या लॉरेन्स स्टेनहाउसनं शिक्षक हाच संशोधक, हा मुद्दा लावून धरला. शिक्षकाला पडलेल्या शंकेपासून सुरुवात व्हावी, एवढीच त्याची अट. आपल्याला तर स्टेनहाउसपर्यंत जायचीही गरज नव्हती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पालकांच्या नावानं बोटं मोडली नाहीत. बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 1957 नंतर कोसबाडला मुलं गुरांमागे जातात असं दिसलं, तर शाळा कुरणात गेली. या कामाला कुणी परिकल्पना वगैरे म्हटलं नाही, पण मूल का येत नाही हा प्रश्न खरा होता आणि उत्तर चुकलं तर दुसऱ्या दिवशी अंगण रिकामं दिसणार होतं.

मग आजच्या मुख्याध्यापकाला असा प्रश्न का पडत नाही? पडतो, पण त्याच्यामागे जायला तो मोकळा नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि स्वतंत्र मुख्याध्यापक 150 मुलांच्या वर. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या किती शाळांचा पट 150 भरतो? म्हणजे दोनांतला जो सेवाज्येष्ठ, तो प्रभारी. त्यानं दोन वर्ग शिकवायचे, खिचडीची चव घेऊन नोंदवहीत सही करायची, तांदळाचा साठा जुळवायचा, यू-डायस भरायचं, मतदार यादी घेऊन दारोदार हिंडायचं आणि व्हॉट्सअॅपवर 'तातडीचे' असं लिहून आलेली माहिती बारा वाजायच्या आत पाठवायची. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. तासांबद्दल तक्रार नाही. त्यातला एक तास तरी 'तुमच्या वर्गात काय अडलंय?' असं विचारण्यात जावा, एवढंच म्हणणं.

अशाच एका दुशिक्षकी शाळेत मी काही दिवस बसलो होतो. बीडच्या डोंगरपट्ट्यातली वस्ती. दिवाळी झाली की निम्मी घरं उसाला जाणार. बाई प्रभारी, सोबतीला नवीन लागलेले सर. सरांची अडचण साधी होती: दुसरी-तिसरीच्या मुलांना संख्या सांगितली की ती भलतंच लिहीत. 'त्रेचाळीस' म्हटलं की 34. 'एकोणपन्नास' म्हटलं की कोणी 59, कोणी 51. सर म्हणाले, रोज शंभरपर्यंत अंक लिहून घेतो. बाई म्हणाल्या, "थांबा सर. आधी पंधरा दिवस नुसत्या चुका लिहून काढू. दुरुस्त्या काय, पळून जात नाहीत."

मग एक दोनशे पानी वही आली. तारीख, काय सांगितलं, मुलानं काय लिहिलं, का लिहिलं म्हणाला. शेवटचा रकाना बाईंचा आग्रह. एका मुलीनं 'एकोणचाळीस' ऐकून 49 लिहिलं. सरांनी काड्यांचे गठ्ठे पुढे केले आणि एकोणचाळीस काड्या दे म्हणाले. तिनं दहा-दहाचे चार गठ्ठे ओढले, एका गठ्ठ्याचं रबर काढलं, एक काडी बाजूला ठेवली आणि उरलेल्या सरांपुढे सारल्या. बरोबर 39. मग पाटीवर 49 का? "चाळीस म्हणलाव ना, मग चार नको का?"

तिला 'एकोण' म्हणजे काय ते पक्कं कळलं होतं. अडत होतं लिहिण्यात. आणि 'त्रेचाळीस'चं 34 करणाऱ्या मुलाचं दुखणं वेगळंच: त्याला तीन आधी ऐकू येतो, म्हणून तो तीन आधी लिहितो. दोघांनाही 'संख्याज्ञान कच्चे' या एकाच शेऱ्याखाली टाकायची आपली पद्धत.

याच संख्यानामांवरून 2019 मध्ये राज्यभर धुरळा उडाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' असंही वाचावं, असं सुचवलं होतं. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. अस्मिता जाग्या झाल्या, विधिमंडळात कोट्या झाल्या. पण दुसरीच्या मुलांनी पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं, ते त्या गदारोळात मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. एकेका तालुक्यातून अशा पाच-पाच वह्या आल्या असत्या, तर भांडण निदान मुद्द्यावर झालं असतं.

इकडे बाईंच्या शाळेत काड्यांचा उपाय एकोणवाल्यांना लागू पडला. उलटं लिहिणाऱ्यांना नाही. सरांनी तेही वहीत लिहिलं: 'जमले नाही.' केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते वाचायची वेळ आली तेव्हा सर कचरले. बाई म्हणाल्या, "वाचा. मी बसलेय ना शेजारी." नेतृत्वावर जाडजूड पुस्तकं आहेत, काही मी विद्यार्थ्यांना शिकवलीही, माझ्या लेखी त्यांतली अर्धी या एका वाक्यात आली. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागून एक गुरुजी म्हणाले, "आमच्याकडं बी तसंच आहे." पुढचा अर्धा तास चहा आला तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी वरून निरोप आला, उपक्रम चांगला आहे, फोटोसह यशोगाथा पाठवा. बाईंनी फोटो पाठवले. 'जमले नाही'चं पान यशोगाथेच्या नमुन्यात बसत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. चार्ज देताना मी योगायोगानं तिथेच होतो. खुर्च्या पाच, घंटा एक, पातेली दोन, जनरल रजिस्टर, कीर्द, किल्ल्या. सर वाचत गेले, बाई टिक करत गेल्या, दोघांनी सह्या केल्या. वहीसाठी यादीत रकाना नव्हता. बाईंनी ती पिशवीतून काढली, उलटं लिहिणाऱ्या मुलांची पानं दुमडलेली होती ती सरळ केली आणि सरांना म्हणाल्या, "यातली दोघं अजून 34च लिहितात. जूनमध्ये पुन्हा विचारा."