चौथा चरण तू वाचलाच नाहीस

बस समोर. मोबाईल खिशात ठेव आणि मान वर करून ऐक. वर्गात प्रश्न विचारला की खाली बघायचास. तिशी ओलांडलीस तरी खोड गेलेली नाही.

काय म्हणालास मघाशी? "सर, मी आपलं काम करत राहतो, फळाची अपेक्षा ठेवत नाही, पण माझ्या मागून लागलेला मुलगा पुढे गेला." एका वाक्यात दोनदा खोटं बोललास. फळाची अपेक्षा नसती, तर त्याच्या बढतीनं तुझी झोप उडाली नसती. आणि आपलं काम तू केलंस कुठे? परराज्यातल्या नव्या कारखान्यात लाइन उभी करायला कोण जाईल, असं साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा तू टेबलाकडे बघत बसलास. त्या मुलानं हात वर केला. त्याला तुझ्याइतकं येत नव्हतं, हे तूच सांगतोस. मग लाज कुणाला वाटायला हवी?

भित्रेपणा मी एक वेळ समजून घेईन. त्याला गीतेचं नाव दिलेलं मात्र खपवून घेणार नाही.

दुसऱ्या अध्यायातल्या ज्या 47व्या श्लोकामागे तू लपतोस, त्याला चार चरण आहेत. तुला पहिले दोन पाठ. चौथ्यात भगवंत बजावतात की काहीच न करण्याची ओढही मनाला लागू देऊ नकोस. आणि हे कुणाला सांगतात? धनुष्य टाकून रथात बसलेल्या माणसाला. त्याची कारणं तुझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती. समोर आजोबा होते, गुरू होते. तरी "बरं, मग राहू दे" असं श्रीकृष्ण म्हणाले नाहीत. संवाद संपला तेव्हा अर्जुन लढायला उभा राहिला. माणसाला उभं करणारा ग्रंथ तू उशाला घेऊन झोपलास!

हात वर केला नाहीस तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, ते मी सांगतो. जमलं नाही तर? लोक हसतील का? पगारात किती फरक पडेल? हा सगळा फळाचाच हिशेब. यशाचा लोभ ही जशी आसक्ती, तशी अपयशाची भीतीही आसक्तीच. फळ सोड म्हणजे ही भीतीसुद्धा सोड. तू भीती घट्ट धरलीस आणि काम सोडलंस.

आता म्हणशील, नशीब. अठराव्या अध्यायाचा 14वा श्लोक काढ. कोणतंही कार्य घडायला पाच गोष्टी लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. दैव पाचवं आहे. तू ते पहिलं केलंस. दुसरा जो कर्ता, तो त्या दिवशी मीटिंगला हजर असूनही गैरहजर होता.

वाल्मीकी रामायणातलं किष्किंधाकांड आठव. समुद्रकिनारी वानर अडकले आहेत आणि प्रत्येक जण आपली झेप सांगतो. गज म्हणतो दहा योजनं, गवाक्ष वीस, म्हातारा जांबवान नव्वद. अंगद म्हणतो, शंभर योजनं जाईन, पण परत येण्याची खात्री नाही. दहावाल्याला लाज वाटली नाही आणि अंगदानं फुशारकी मारली नाही. कामाच्या ठिकाणी असंच बोलावं: एवढं मला जमेल, इथून पुढे मदत लागेल. हनुमान बाजूला गप्प बसला होता खरा. पण जांबवंतानं हाक मारताच उठला. तुला तर साहेबांनी हाक मारली होती, आणखी कोणता जांबवान हवा होता? आणि वाटेत मैनाक पर्वत विसाव्याला वर आला, तेव्हा हनुमानानं त्याला नुसता हात लावला आणि तो पुढे गेला. तू अजून मैनाकावरच बसला आहेस. ओळखीचं टेबल सुटत नाही.

वाव मिळत नाही, ही तक्रार माझ्यापुढे करू नकोस. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहिलं. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती बसून उतरवून घेतली. कोठडीत ज्यांना काम सापडलं, त्यांची गीता वाचून तुला ऑफिसात काम सापडत नाही?

एक मात्र लक्षात ठेव. पुढे होणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव चिकटवणं नव्हे. तसं केलंस तर या घराची पायरी चढू नकोस. आणि त्या मुलाबद्दल पुन्हा वाकडा शब्द काढू नकोस. लाइन लावताना तो कुठे अडला असेल तर फोन करून मदत कर.

तुझ्यात कुवत आहे. ती नसती तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. सोमवारी साहेबांकडे जा. कोणतं अडलेलं काम अंगावर घेऊ शकतोस, किती दिवसांत करशील आणि कशाची मदत लागेल, या तीन गोष्टी कागदावर लिहून ने. बढतीचा विषय काढायचा नाही. ते हो म्हणाले की नाही, हे मला कळवू नकोस. तू विचारलंस की नाही, तेवढंच सांगायला ये.