उघडणाऱ्याची सोय

कर्जतला दुकान आणि खालापूर तालुक्यात, खोपोलीला गोदाम असलेले दोघे भाऊ फार्महाऊसच्या बांधकामांना सळई-सिमेंट पुरवीत. धंदा एकत्र, पण दफ्तर ठेवण्याची रीत निराळी. थोरला वजनकाट्याच्या पावत्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवी. धाकट्याने बिले, साठा, सगळे गोदामातल्या संगणकावरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले होते.

हिशेब बघायला नेरळहून एक ताई येत. महिनाअखेरीला काट्याच्या प्रत्येक पावतीची साध्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ पावती परत पाकिटात ठेवत. सॉफ्टवेअरमधली खरेदी पीडीएफमध्ये आणि साध्या सीएसव्ही तक्त्यात उतरवत, एक प्रत पनवेलच्या कर सल्लागाराकडे देत. मेलवर आलेले बिल आले तसेच, तारखेसकट जपत.

"ताई, दुहेरी काम कशाला?" धाकटा विचारी.

"दादा, तुम्ही भरणाऱ्याची सोय बघता, मी उघडणाऱ्याची. तो सहा वर्षांनी येईल आणि तुमचं सॉफ्टवेअर त्याला माहीतही नसेल."

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे दफ्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागते. २०२१-२२ ची ती मुदत ३१ डिसेंबर २०२२ होती, म्हणजे त्या वर्षाचा कागद ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हवाच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७ तर म्हणते की डिजिटल नोंद पुढेही वाचता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मुळाशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात, आणि ती कुठून कधी आली हेही कळले पाहिजे. नुसती जागेवर असून भागत नाही.

जीएसटी खात्याची नोटीस आली ती २०२१-२२ च्या सळईबद्दलच. माल खरोखर पोचला हे दाखवल्याशिवाय त्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट टिकत नाही. थोरल्याने पाकीट उघडले, तर पावत्या कोऱ्या. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. ऊन, कर्जतची दमट हवा आणि प्लास्टिकमधली रसायने यांनी तो विझतो. ट्रकचा नंबर नाही, वजन नाही. धाकट्याचा संगणक सुरू झाला, पण जुन्या आवृत्तीचा परवाना संपलेला आणि नवी आवृत्ती जुना डेटा वाचेना. बॅकअपची डिस्क त्याच गोदामात, ओल लागून बंद पडलेली.

ताईंच्या फायली मात्र पनवेलच्या संगणकावर लगेच उघडल्या. झेरॉक्सवर वजन, वेळ, गाडीचा नंबर स्वच्छ होता. फक्त त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ताई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांचे काम कोणी केले नव्हते. तेवढ्या दोन महिन्यांचे क्रेडिट भावांना व्याजासकट परत भरावे लागले.

आता थोरला पावती हातात पडताच झेरॉक्स काढतो. धाकटा दर एप्रिलला जुन्या वर्षांच्या फायली घेऊन दुसऱ्याच्या संगणकावर बसतो, आणि जी उघडत नाही तिची त्याच दिवशी नवी प्रत करून घेतो.